विळा

डॉक्टरबाईंनी कागदावर एक गोल काढला.
म्हणाल्या, रक्त असं असतं, भाकरीसारखं.
शेजारी दुसरं काढलं, वाकडं.
तुमच्या सिलासचं हे असं आहे. विळ्यासारखं.

विळा मला ठाऊक होता.
त्याच सकाळी रंगावलीच्या काठी
म्हशीसाठी गवत कापून आले होते,
बोटांना अजून हिरवा वास होता.

माझं कार्ड पिवळं, यानुसचं पिवळं.
दोन पिवळ्यांचं मिळून पोराचं लाल.
अर्धं मी दिलं, अर्धं त्याने.
वेदीपुढे उभं करून
सुखात, दुःखात, आजारात, सगळं विचारलं होतं आम्हाला,
हे तेवढं कुणी विचारलं नाही.

थंडी पडली की दुखणं यायचं.
आधी गुडघे, मग पाठ, मग बोटांची पेरं.
आई, हाडात कुणीतरी कापणी करतंय,
म्हणायचा. बारा वर्षांचा.
मी डोळीचं तेल कोमट करायची,
तव्यावर फडकं तापवायची,
आणि नवापूरच्या त्या लांब वॉर्डात
रात्रभर त्याचे तळपाय मांडीवर.
मिशनच्या दवाखान्यामागून गाडी जायची सुरतेला.
तो डबे मोजायचा. दुखत असतानाही मोजायचा.
चुकला की पुढच्या गाडीची वाट बघायचा.

नाताळाच्या आधीच्या शुक्रवारी गेला.
बांबूचा तारा घरात तसाच, तीन टोकांना कागद,
दोन उघडी.

लोक आले. चांगले लोक.
देवाची इच्छा, म्हणाले.
फुलं तोच तोडतो, म्हणाले.
पाळक काही बोलले नाहीत,
अंगणात उकिडवे बसून राहिले, चपला हातात घेऊन.
त्यांचं ते बसणं तेवढं मला आठवतं.

वर्षभर मी देवळात दाराशी बसले.
गाणं सुरू झालं की ओठ मिटायचे.
आमची प्रार्थना मराठीत, रडणं मावचीत,
मी मावचीतच भांडले त्याच्याशी:
तुलाही एकच होता ना?
मग तुला तरी कळायला हवं होतं.
उत्तर आलं नाही.
येईल म्हणून मी गेलेही नव्हते.

पुनरुत्थानाच्या पुढच्या रविवारी
पाळकांनी हातांची गोष्ट वाचली.
लहानपणापासून ऐकलेली,
पण त्या दिवशी अडकले तिथे.
तो मेलेल्यांतून उठला,
दगड लोटला, दारं बंद असताना आत आला,
एवढं सगळं जमलं त्याला,
आणि हातांची भोकं तशीच?
बुजवता आली नसती?
की ठेवली?

त्या रात्री झोपले नाही.
म्हणजे माझ्या पोराचं रक्तही
तिथे तसंच असेल का, वाकडं,
फक्त दुखत नसेल?
कुणी ओळखून विचारेल का त्याला,
दाखव बघू तुझं?
आणि स्वतःचे हात पुढे करेल?

हे खरं आहे की नाही, मला माहीत नाही.
यानुसला सांगितलं तर तो उठून
म्हशीला पाणी दाखवायला गेला.
रात्री तीन वाजता.

परवा वॉर्डात गेले. कुणी बोलावलं नव्हतं.
धडगावकडची पोरगी, दिवली, नऊ वर्षांची,
त्यांच्या घरी वाघदेव पुजतात,
आई मजुरीला सौराष्ट्रात, आजोबा बाकावर झोपलेले.
लाल कार्ड उशीखाली.
तेल मी घरूनच नेलं होतं.
कुठे दाबायचं, कुठे नुसता हात ठेवायचा,
कुठे हातसुद्धा नको,
हे मला कुणी शिकवलं ते तिला काय सांगू.

हा त्याच्या मरणाचा अर्थ नाही.
अर्थासाठी पोरं मरत असतील
तर तो अर्थ नको मला.
पण हात शिकलेले आहेत,
त्यांचं काय करू?

मावशी, थांबेल का गं?
थांबेल म्हटलं नाही.
मी आहे, म्हटलं.
गाडी आली तेव्हा दोघींनी डबे मोजले.
तिचे एकोणीस भरले, माझे वीस.

पहाटे झोपली, माझं मनगट घट्ट धरून.
घरी आले, पीठ मळायला बाही वर केली
तर तिथे चार नखांचे चार वण,
बारीक, लाल,
वाकडे.